डब्यातल्या टीव्हीवरची मयत

१

कुडव्याच्या इंदरलाल पटलेंची मयत सकाळच्या पॅसेंजरमध्ये, तिसऱ्या डब्यात, पापडाच्या आणि साडी सेंटरच्या मधोमध झाली.

गोंदियाहून अर्जुनीकडे जाणाऱ्या गाडीत त्या वर्षी डब्याडब्यात टीव्ही लागले होते. त्यावर पुढचं स्टेशन कोणतं ते यायचं आणि उरलेला सारा वेळ जाहिराती. पुढच्या स्टेशनाचा काही भरवसा नव्हता. गाडी पुढे निघून गेली तरी टीव्ही मागच्याच स्टेशनात रेंगाळायचा. जाहिराती मात्र अपडाउन करणाऱ्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. पापड आला की अख्खा डबा त्याच्या आधीच "कुरकुरीत!" म्हणून मोकळा होई.

डॉ. तुलसा रहांगडाले खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्या जनावरांच्या डॉक्टर. राहायला कुडव्यात, दवाखाना अर्जुनीच्या अलीकडे. "माझे पेशंट बोलत नाहीत, म्हणून खोटंही बोलत नाहीत," असं त्या म्हणायच्या. न बोलणाऱ्याकडे बघून दुखणं ओळखायची त्यांना इतकी सवय झाली होती, की डब्यात कोणाची छत्री गेली तरी लोक पोलिसाऐवजी डॉक्टरीणबाईंकडे येत.

पापड संपला आणि पडद्यावर काळी चौकट आली. झेंडूची माळ आली. माळेच्या आत तरुणपणीचे, मिशीवाले इंदरलाल हसत होते.

"भावपूर्ण श्रद्धांजली. कै. इंदरलाल पटले, कुडवा. उमदा माणूस, पट्टीचे पोहणारे, शंकरपटाचे निष्पक्ष पंच. शोकाकुल, मित्रपरिवार."

सारा डबा पडद्याकडे वळला. मग एकदम सगळे बोलायला लागले.

"अरे बापा! परवा तं पोरीचं लगन हाये त्याच्या घरी!"

"काल मंडपवाल्याशी भांडून राहिला होता ना!"

"भांडतानाच गेला असन."

फोन लावला तर लागेना. इंदरलालचा फोन तसाही कधी लागत नसे. तेव्हा इंदरलालचे शेजारी उदाराम उठले. सोसायटीच्या निवडणुकीत इंदरलालनं त्यांना पाडलं होतं, पण कोणाची मयत म्हटली की उदाराम सारं वैर विसरून बांबूच्या व्यवस्थेला लागत. "डोंगरटोल्याले उतरा सारे," ते म्हणाले. "तिथं क्रॉसिंग हाये. गोंदियाकडची गाडी भेटते."

डोंगरटोल्याला अर्धा डबा रिकामा झाला. पूल ओलांडून मंडळी पलीकडच्या फलाटावर गेली, तर तिथे दुधराम ब्राह्मणकर आधीच उभे होते. परीटघडीचं धोतर, खांद्यावर उपरणं, काखेत पिशवी. दुधराम म्हणजे इंदरलालचे पक्के वैरी. एके काळी दोघांचं एका ताटात जेवण होतं. मग एका शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, इंदरलाल पंच झाले, त्यांनी दुधरामच्या बैलजोडीविरुद्ध निकाल दिला, आणि तेव्हापासून दोघं रोज एकाच डब्यात एकमेकांकडे पाठ करून बसत.

"इंदरलालजी गेले, दुधरामभाऊ," तुलसाबाई हळूच म्हणाल्या.

"हो," दुधराम म्हणाले. "जातो मी."

२

मंडळी कुडव्याला पोहोचली तेव्हा पुढे उदाराम होते, त्यांच्या ऑटोच्या टपावर बांबू होते, आणि मागे हार घेतलेले आठ-दहा जण माना खाली घालून चालत होते.

मयत शिडीवर चढलेली होती. मंडपाच्या कमानीला आंब्याचे डहाळे बांधत इंदरलाल वरूनच ओरडले, "बांबू कायले आणले गा? मी आणले ना!"

हारवाल्या बाईनं किंकाळी फोडली. कोणीतरी "रामराम" म्हणण्याऐवजी "राम नाम सत्य है" म्हणून गेलं. उदाराम ऑटोला धरून मटकन खाली बसले. इंदरलाल शिडीवरून उतरले तशी गर्दी तेवढीच मागे सरकली.

"मी मेलो? कवा?"

"टीव्हीत आलं."

"टीव्हीत? मले कोनी सांगतलं नाही ते?"

या सगळ्या गोंधळात एकच माणूस स्वस्थ होता. दुधरामनी उंबऱ्याशी चपला काढल्या, उजवा पाय आत टाकला आणि अंगणाकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "मी मयतीले आलो. सारे पाहून ठेवा!" मग अंगणातल्या बाजेवर बसून घरात आवाज दिला, "वहिनी, चहा ठेवा जी."

इंदरलालच्या बायकोला, सुशीलाबाईंना, हसावं की रडावं कळेना. त्यांनी मुकाट्यानं चहा ठेवला.

कप दुधरामच्या हातात आला आणि तेवढ्यात नवरीच्या, रुचीच्या, फोनची घंटी वाजली. अर्जुनीहून तिचे होणारे सासरे सेवकराम टेंभरे बोलत होते. तीच गाडी अर्जुनीला पोहोचली होती. त्यांच्याही वाड्यातल्या दोघांनी टीव्ही पाहिला होता.

रुचीनं ऐकलं, दोनदा "नाही बाबूजी, बाबा जिवंत हायेत," म्हणाली आणि फोन कानापासून दूर केला. तिचा चेहरा उतरला होता.

"ते म्हणतात, जिवंत आहेत तर आनंद आहे. पण ज्यानं जित्या माणसाची मयत टीव्हीवर लावली, तो लग्नाच्या दिवशी काय करन? कोण आहे तो अन् काऊन केलं, हे संध्याकाळच्या आत सांगा. नाहीतर..."

दुधरामच्या हातून चहा सांडला. पांढऱ्या धोतरावर हा एवढा मोठा डाग पडला.

३

"मॅडम, मेरी तो लुटिया डूब गई!"

रोशन गोंदियातल्या आपल्या बॅनरच्या दुकानात डोकं धरून बसला होता. गाडीतल्या टीव्हीवर जाहिराती लावायचं काम त्याच्याकडे होतं. सकाळपासून साडी सेंटरवाला तीनदा येऊन गेला होता. मयतीच्या शेजारी आपला शालू दाखवला म्हणून तो भांडत होता. काम हातचं जाणार, हे रोशनला स्वच्छ दिसत होतं.

"जाहिरात दिली कोणी?" तुलसाबाईंनी विचारलं.

"नाव नाही सांगितलं. तोंडाला मफलर, डोळ्याला काळा चष्मा. मी समजलो, मयतीच्या घरचा माणूस आहे, रात्रभर जागा असंल. फोटो दिला, मजकूर तोंडी सांगितला, फोटो परत नेला. म्हणे, एकाच दिवशी लावा, सकाळच्याच गाडीत."

"अन् मयतीची तारीख? सावडणं, दहावा? ते काही नव्हतं टीव्हीवर."

"मी विचारलं ना! तारीख सांगा म्हटलं, तर म्हणे, 'नोको, तारीख नोको टाकू.' अन् मॅडम, काय रडला तो! 'पट्टीचे पोहणारे' म्हणाला अन् जो हंबरडा फोडला, मला पुढचं ऐकू येईना. चष्म्याखालून पाणी. मी तर पैसेही कमी लावले."

"रडला? खरंखुरं?"

"मॅडम, माझा धंदाच श्रद्धांजलीचा. खोटं रडणारे रोज पाहतो. हा खरा होता."

तुलसाबाईंनी पिशवीतली शेंग काढली आणि फोडायची विसरल्या. जो माणूस मेलेला नाही हे माहीत आहे, त्याच्यासाठी खरं रडणारा माणूस कोण?

तेवढ्यात दारात उदाराम उभे राहिले. "डॉक्टरीनबाई, लवकर चला. इंदरलालनं नाव शोधून काढलं हाये. दुधरामच्या अंगावर धावून चालला."

४

अंगणात इंदरलालला चौघांनी धरलं होतं आणि ते चौघांनाही ओढत होते.

"'निष्पक्ष पंच' लिवते! साऱ्या दुनियेत मले टोमना मारला! त्याच्याबिगर शंकरपटाचं कोन काढन? विचारा त्याले!"

इतकी वर्षं झाली तरी इंदरलाल दुधरामशी थेट बोलत नव्हते. शिव्याही दुसऱ्याच्या मार्फतच चालू होत्या. दुधराम बाजेवर खाली मान घालून बसले होते. पण उठून जात नव्हते.

"थांबा," तुलसाबाई म्हणाल्या. "दोन गोष्टी विचारते, मग धावा." त्या उदारामकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही केलं का?"

उदाराम दुखावले. "मी? बाई, मी जाहिरात दिली तं माहा फोटो नसन का तिच्यात?"

ते खरं होतं. उदारामनी गणपतीच्या शुभेच्छा दिल्या तरी गणपती कोपऱ्यात आणि उदाराम मधोमध असत. शिवाय वैऱ्याला "उमदा माणूस" म्हणणं त्यांच्या जिभेला झेपणारं नव्हतं.

तुलसाबाई आत गेल्या. रुची मेंदी न लावलेले हात मांडीवर ठेवून बसली होती.

"खरं सांग. तुला टिकेश पसंत आहे ना?"

"पसंत?" रुचीनं डोळे पुसले. "सकाळपासून त्याचेच सतरा फोन झाले. म्हणतो, बाबूजी नाही म्हणाले तर मी एकटा येतो. ताई, मी काऊन माझंच लग्न मोडीन?"

"मग टीव्हीवरचा तो फोटो कुठला? बाबांचा, मिशीवाला."

"आमच्या घरी तसा फोटोच नाही. मी आईलाही विचारलं."

सुशीलाबाईंनी मान हलवली. "लगनाच्या आधीचा असन. यायच्या, रुचीच्या बाबाच्या, मिशा मी पाहल्याच नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "बाई, तुमाले एक सांगतो. यायले सांगू नका. लगनाची पत्रिका मी दुधरामभाऊले चोरून धाडली. रुची लहान होती तं त्याच्याच खांद्यावर ऱ्हाये. पन तो येनार नाही, मले मालूम होतं."

"काऊन?"

"त्यानं शब्द देल्ला होता. भर पारावर."

"काय शब्द?"

सुशीलाबाईंनी तो सांगितला, आणि तुलसाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्याच राहिल्या. मग त्या हसायला लागल्या. रुचीला वाटलं, डॉक्टरीणबाईंनाही आता या घराचा वारा लागला.

५

संध्याकाळच्या गाडीनं सेवकराम टेंभरे स्वतः आले. सोबत पोरगा टिकेश. व्याह्यांना मंडपात बसवलं. सकाळच्या मयतीची मंडळी अजून घरी गेलीच नव्हती. जेवण तयार होतं, भांडण व्हायचं होतं, जाणार कोण? रोशनलाही बोलावलं होतं. तो हात जोडून खांबाशी उभा होता.

"सांगा," सेवकराम म्हणाले. "माही पोरावर माया हाये, पोरगी बी आवडली. पन वैरी कोन हाये ते मले समजलं पायजे."

तुलसाबाई बाह्या वर करून मधोमध उभ्या राहिल्या. गायीच्या पोटात वासरू आडवं आलं की त्या अशाच आधी बाह्या वर करत.

"आपण वैरी शोधत होतो, म्हणून सापडला नाही," त्या म्हणाल्या. "जाहिरात देणारा माणूस रोशनच्या दुकानात धाय मोकलून रडला. वैरी रडत नाही. पण त्यानं तोंड झाकलं होतं. घरचा माणूस तोंड झाकत नाही. मग घरचा नाही आणि वैरीही नाही, असा कोण?"

उदारामनी मंडळींवरून नजर फिरवली.

"त्यानं मृत्यूची तारीख टाकू दिली नाही. चेष्टा करणाऱ्यानं हौसेनं टाकली असती. याचं काळीज धजलं नाही. फोटो पाहा. या घरात तो नाही. लग्नाआधीचा, तरुणपणचा. तो ज्याच्याजवळ आहे तो त्या वयातला दोस्त."

इंदरलालनी दुधरामकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

"आणि आता सकाळची गोष्ट. टीव्ही आहे डब्यात. दुधरामभाऊ रोज डोंगरटोल्याला आमच्या गाडीत चढतात अन् अर्जुनीकडे जातात. आज आम्ही उतरलो तेव्हा ते पलीकडच्या फलाटावर, गोंदियाकडे जायला तयार उभे होते. डब्यात त्यांनी पायच टाकला नव्हता. मी बातमी सांगितली, तर 'कसं झालं?' विचारलं नाही. मयतीच्या घरी येऊन चहा मागितला, कारण इथे मयत नाही हे त्यांना ठाऊक होतं. इंदरलालजींना शिडीवर पाहून आम्ही सारे दचकलो, हे दचकले नाहीत. दचकले ते एकदाच. रुचीचं लग्न मोडतंय हे ऐकलं तेव्हा."

"म्हनजे यानंच!" इंदरलाल उसळले. "पाहा, मी म्हनलो होतो!"

"म्हणालात, पण उलटं म्हणालात. दुधरामभाऊ, पिशवीत काय आहे?"

दुधरामनी पिशवी छातीशी धरली. उदारामनी ती ओढून घेतली आणि उघडली. आत लाल काठाचं हिरवं लुगडं होतं, आणि त्यावर जपून ठेवलेली चांदीची जोडवी.

६

दुधरामनी लुगडं पुन्हा पिशवीत घातलं. मग सेवकरामांकडे पाहून बोलू लागले. इंदरलालकडे पाहायची अजून हिंमत नव्हती.

"पटात हारलो त्या दिवशी पारावर बारा गावचे लोक होते. मी बोलून गेलो, 'इंदऱ्या, आता तुया घरी येन तं तुया मयतीलेच येन.' बोललो तं बोललो. मानसाचा शब्द हाये, पान्यावरची रेघ नोहे. मंग पोट्टीच्या लगनाची पत्रिका आली." त्यांनी नाक ओढलं. "मी लय इचार केला. शब्द मोडू कसा? अन् खरी मयत होवाची वाट पाहू कसा? तो मेला तं मंग लगनाले येऊन मी करू काय? म्हनलं, एका सकाळची मयत करू. तेवढ्यात घरात पाय टाकून घेऊ. एकडाव उंबरा ओलांडला, का झाला शब्द पुरा. मंग लगनाले कोन अडवते?"

"अन् आमच्या गावापर्यंत गाडी जाते, हे ध्यानात नाही आलं?" सेवकरामांनी विचारलं.

"नाही आलं जी. रडू येऊन राहिलं होतं ना."

मंडपात कोणीतरी फिसकन हसलं. रोशननं आपले हात सोडले आणि खांबाला टेकला. पण इंदरलाल हसले नाहीत. ते बाजेपर्यंत गेले, दुधरामच्या समोर उभे राहिले. घरच्यांना वाटलं, आता होते मारामारी.

"ते 'निष्पक्ष' कायले लिवलं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी दुधरामला थेट विचारलेली ही पहिली गोष्ट होती. हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

दुधराम धोतरावरचा चहाचा डाग अंगठ्यानं घासत राहिले. "टोमना नोहे तो."

"मंग?"

"माहा बैल मांगंच होता. नाकभर मांगं होता. मले तवाच दिसलं होतं."

"तवाच?"

"तवाच. पन बारा गावचे लोक पाहून राहिले होते. मंग तोंडातून दुसरंच निंगालं."

इंदरलाल बाजेवर दुधरामच्या शेजारी बसले. इतके जवळ बसले की बाज करकरली.

"एवढी वर्स मी रोज रात्री निजताना तो निकाल पाहो," ते म्हणाले. "मले वाटे, चुकलो का मी? दोस्त गेला अन् निकालही चुकीचा, असं तं नाही ना झालं? तुले एका शबदाचं काम होतं, दुधऱ्या."

"तोच तं टाकला. पैसे देऊन टाकला."

सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. सेवकरामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. सगळ्यांची नजर त्यांच्यावर होती. टिकेश तर खुर्चीच्या कडेला आला होता.

"आमच्या इकडे," ते सावकाश म्हणाले, "लोक पत्रिकेत नाव नाही म्हनून लगनाले येत नाही. अन् हा बापा लगनाले यावाले मिळावं म्हनून मानूस मारते. असा सोयरा मले दुसरीकडं कुठी भेटन?" मग त्यांनी इंदरलालकडे बोट केलं. "माही एक अट हाये. वरात दारात येईन तवा पयली भेट या दुधरामभाऊची पायजे. अन् हे टीव्हीचं तेवढं निपटवा. माह्या बहिनी दूर दूर राहतात, एखादी तिकडंच रडत बसन."

रोशननं त्याच रात्री फुकट जाहिरात बनवली, "इंदरलाल पटले जिवंत आहेत, लग्नास अवश्य यावे," आणि साडी सेंटरवाल्याला पटवून नवरीच्या फोटोखाली त्याचं नावही घातलं. साडीवाला खूश झाला. काम रोशनच्याच हातात राहिलं.

लग्न थाटात लागलं. दारात दुधराम आणि सेवकराम एकमेकांना कडकडून भेटले. भात कमी पडतो की काय, यावरून इंदरलाल आणि दुधराम दोनदा कडाडून भांडले, आणि दोन्ही वेळा सुशीलाबाई वाढप थांबवून कौतुकानं ऐकत राहिल्या. रुचीची पाठवणी झाली तेव्हा हिरवं लुगडं नेसून ती आधी बापाच्या आणि मग दुधरामच्या गळ्यात पडली. गाडी वळणाआड गेल्यावरही दुधराम रडत होते.

"चूप ऱ्हाय आता," इंदरलाल स्वतःचे डोळे पुसत म्हणाले. "पाहुने पाहून राहिले."

"पाहू दे. उद्या माह्या घरी येजो."

"कायले?"

"जेवाले. आनखी कायले?"

"मी बी शब्द देल्ला होता."

दुधराम रडायचे थांबले. "कोनता शब्द?"

"आठवत नाही," इंदरलाल म्हणाले. "लय वर्स झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरमध्ये तुलसाबाई खिडकीशी होत्या. समोर इंदरलाल मांडीवर आंब्याच्या लोणच्याची बरणी धरून बसले होते. डोंगरटोला आलं. फलाटावर दुधराम सायकल घेऊन उभे होते. इंदरलाल उतरले, बरणी सायकलच्या कॅरिअरला बांधू लागले, आणि दोरी अशी बांधावी की तशी, यावरून दोघांचं सुरू झालं. गाडी हलली तरी ते हातवारे करत तिथेच उभे होते.